यंदा मजूर नकोत

"अहो, चेहरा का एवढा लाल झालाय?" मंदाकिनीने नवऱ्याला दारातच विचारलं.

"उन्हात होतो ना," निवृत्ती म्हणाला. दिवसभर सूर्याने तोंड दाखवलं नव्हतं.

सकाळपासून त्याने द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावली होती. आमच्याकडे थंडी बेताची, पेस्टशिवाय वेलीचे डोळे एकसारखे फुटत नाहीत. पण पेस्ट लावणाऱ्याने त्या दिवशी घोटभर दारू घेतली, तरी चेहरा लालबुंद होतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. निवृत्तीने तर गणपतीपुढे दारू सोडली होती.

"छातीत धडधडतंय?"

"जरासं," तो पुटपुटला.

तिने गाडीची किल्ली उचलली. "चला, डॉक्टरांना खरं सांगा. आणि पेस्टला यंदा मजूर नकोत, तुम्हीच लावा, असं मी उगाच म्हणाले होते का?"