न तापणारी चूल

"तुमचे फादर पाद्री म्हणून असतील मोठे," चहाचा वाडगा इर्माच्या हातात देत कुलाश आपा म्हणाल्या, "पण गवंडी म्हणून भिकार! ही भिंतीएवढी चूल बघ. मी नवी नवरी होते तेव्हा त्यांनी बांधली. डावी बाजू अजून तापायचीच आहे!"

इर्मा हसली. फादर बेन्दिक यांच्या नावानं चर्चशेजारच्या खोलीत ती ग्रंथालय आणि संग्रह उभा करत होती. रविवारी उद्घाटनाला बिशप यायचे होते, आणि नव्याकोऱ्या कपाटांत जमलं होतं काय, तर एक कानटोपी, चष्मा, थापी आणि थोडे फोटो. धर्मावर सरकारी बंदी होती त्या काळात हद्दपार होऊन या कोळशाच्या गावात आलेला माणूस. घरोघरी चुली बांधायचा आणि विटा लावता लावता लोकांची पापं ऐकून घ्यायचा. त्याच्याकडे पेटीभर पुस्तकं होती. झडती येणार म्हटल्यावर ती त्यानं जाळली, असं सगळे सांगत.

वाडगा ओठांशी नेता नेता इर्मा थांबली.

"आपा, आमच्याही घरची चूल त्यांचीच. बादलीभर कोळशात सगळं घर उबदार व्हायचं. त्यांची एकही चूल बिघडलेली ऐकली नाही मी."

"मग माझ्याशीच काय वैर होतं मेल्याचं?"

दोघींनी एकदमच चुलीकडे पाहिलं. इर्मा उठली. उजवीकडे बोटांनी ठोकलं, आवाज भरीव. डावीकडे ठोकलं आणि कान लावून पुन्हा ठोकलं.

"आपा, चुलीतला गरम धूर या बाजूला येतच नाही! आत पोकळ आहे!"

"हात लावायचा नाही," दारातून आपांचा मुलगा दौरेन गरजला. "थंडी उंबऱ्यावर आलीय. चूल फुटली तर आईला कुठं ठेवू? तुझ्या कपाटात?"

त्याचं बरोबर होतं. हिवाळ्यानंतर येते, असं इर्मा म्हणणार, तोवर आपांनी उलथणी उचलली होती.

"गप रे! जन्मभर कुडकुडले मी. कशापायी ते बघू तरी दे."

पहिली वीट हलेना. दुसरी सुटली, मग भराभर चार. इर्मानं खांद्यापर्यंत हात आत घातला. "लागतंय! आपा, काहीतरी लागतंय!" तशी दौरेननं तिला बाजूला सारलं आणि स्वतःच जमिनीवर आडवा झाला. "सरक, तुझा हात तोकडा आहे. अगं, पेटी आहे पेटी!"

पेटीतल्या डांबर लावलेल्या कापडातून एकेक पुस्तक निघालं. लॅटिन, जर्मन, पोलिश. समासात फादरांचं ओळखीचं तिरकं अक्षर. इर्मा हसत होती, रडत होती, पुस्तकं छातीशी धरत होती. "जाळली नव्हती! त्यांनी जाळली नव्हती!"

"पेटीच्या तळाशी अजून एक आहे," दौरेन म्हणाला.

ते डांबरी कापडात नव्हतं. लाल वेलबुट्टीच्या पांढऱ्या रुमालात बांधलेलं होतं. इर्मानं हात पुढे केला, तो आपांनी मनगटाशी धरला.

"हा माझ्या सासूबाईंचा रुमाल."

कुजलेली गाठ आपोआप सुटली. आत जाड पुठ्ठ्याची कुराणाची पोथी होती. पानावरची अक्षरं उजवीकडून डावीकडे चाललेली. ती तिघांनाही वाचता येत नव्हती.

"सासरे म्हणाले होते," आपा हळूच बोलल्या, "जाळली म्हणून."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तसेच थबकले. हात कोपरापर्यंत माती-काजळीनं काळे झाले होते.

"इर्मा, ती झारी आण," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या हातांवर पाणी घाल."