फाउंड्रीतला रूपेश

सीनियर ऐश्वर्याने दामिनीच्या हातात हातोडा दिला आणि जुन्या फाउंड्री शेडकडे बोट दाखवलं. "जा. ऐरणीवर तीन ठोके, मग आपलं नाव. रॅगिंग नहीं है ये, परंपरा है."

दामिनी पहिल्या वर्षाला नुकतीच आली होती. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात ही परंपरा कुठेच नव्हती, पण नव्या पोरांना ती पहिल्याच दिवशी कळायची. अठ्ठ्याऐंशी साली, आवारातल्या भिंतींचा चुनाही वाळला नव्हता तेव्हा, सीनियरांनी रूपेश नावाच्या मुलाला या शेडमध्ये रात्रभर कोंडलं. सकाळी दार उघडलं तर आत नुसत्या चपला. पोरगं जिवानिशी गेलं, असं म्हणतात. तेव्हापासून पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाने एकट्याने आत जाऊन त्याला आपलं नाव सांगायचं. नाही सांगितलं, तर तो चार वर्षं पाठ सोडत नाही.

दामिनीने सकाळीच बॅग भरून ठेवली होती. बाबा दुर्गला रेल्वेत पॉइंट्समन. घराण्यातली पहिली इंजिनिअर होणार म्हणून त्यांनी अख्ख्या क्वार्टर लाइनीत पेढे वाटले होते. पण हे जमलं नाही तर संध्याकाळच्या बसने घरी जायचं आणि परत यायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

बाहेर दुपारचं ऊन मी म्हणत होतं. आत मात्र डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. जळक्या वाळूचा वास. चाचपडत तिने ऐरण शोधली. एक ठोका. दुसरा. तिसऱ्यासाठी हात उचलला आणि कोपऱ्यात कोणीतरी खाकरलं.

"आई वं!" हातोडा हातातून सुटला.

"पायावर पडला असता ना! नाव सांग, पोरी."

"दा... दामिनी."

खाकी शर्ट आणि पांढऱ्या मिशा अंधारातून दाराच्या फटीतल्या उजेडात आल्या. वर्कशॉपमध्ये अवजारं देणारा भय्याजी! दामिनीच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच.

"मी रूपेश," तो म्हणाला.

ती दाराकडे वळली. तो घाईने बोलू लागला.

"मेलो नाही मी. पळालो. त्या मागच्या पत्र्यातून, अनवाणी. बापाले तोंड दाखवाची हिंमत नोयती. जामुलच्या सिमेंट कारखान्यात पोती उचलत दहा वर्षं काढले. मग इथंच नोकरी लागली. येऊन पाहतो तं पोरं माह्याच नावानं भेऊन राहिले होते." तो ऐरणीला टेकला. "त्या राती मले आत कोणीच भेटलं नाही. म्हणून दरवर्षी या आठवड्यात मी रोज इथं बसतो. तू बी बॅग भरून ठेवली असशील ना?"

दामिनीने होकारार्थी मान हलवली. तिला हुंदका आवरेना.

"खाली कर तिले. मी गेलो तसं जाऊ नको. आन् बाहेर काही बोलू नको, बाकीचे यायचे आहेत. भेव सांगून जात नाही. आत येऊन पाहिल्यावरच जाते."

दामिनीने डोळे पुसले, खाली वाकून हातोडा शोधला आणि राहिलेला ठोका असा हाणला की छपरावरची कबुतरं उडाली.

बाहेर रांगेतली पोरं श्वास रोखून उभी होती.

"दिखा क्या?" ऐश्वर्याने दरडावून विचारलं.

"दिसला," दामिनी म्हणाली. रांगेतली एक मुलगी रडायलाच लागली.

ऐश्वर्याने हातोडा त्या मुलीच्या हाती दिला. मग दामिनीचा दंड धरून तिला झाडाआड ओढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "भय्याजीनं आज बीपीची गोळी घेतली का वं?"