गप्प बसवायची सोय

सुनेत्राने बाकीची सगळी कनेक्शन्स गप्प केली आणि स्क्रीनवर एकट्या रक्तपेढीच्या कनेक्शनचा लॉग, म्हणजे त्याच्या क्षणाक्षणाच्या नोंदी, उतरू लागला. ते सारखं मध्येच का तुटतंय, हे तिला हातातला चहा संपायच्या आत कळलं. ही कनेक्शन्स डेटाबेसला जोडणाऱ्या कोडच्या लायब्ररीत ही सोय तिनेच केली होती. कुठल्या कनेक्शनने किती बोलायचं, ते आता वेगवेगळं ठरवता येत होतं.

टीममधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली, पण मन मागे गेलं.

पूर्वी लॉग चालू केला की सगळी कनेक्शन्स एकदम बोलायची, बंद केला की सगळी मुकी. त्या गलक्यातून हवी ती ओळ शोधायला दोन माणसं लागायची. तेव्हा याच टीममध्ये असलेला श्रीधर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचा आणि ओळी मोठ्याने वाचायचा. कंटाळा आला की क्रिकेटच्या समालोचनासारख्या. ती हसू दाबत खुणा करायची. अशाच दुपारी बसता बसता त्यांचं लग्न ठरलं. आता त्याचं ऑफिस वेगळं होतं आणि घरी बोलणं दूध-भाजीपुरतं उरलं होतं.

तिने त्याला फोन लावला. "जमलं रे. आता हवं ते एकच बोलतं, बाकीची गप्प."

तो म्हणाला, "तेव्हा असती ही सोय, तर मी तुझ्या शेजारी कशाला बसलो असतो?"

तिने स्क्रीन बंद केली.

"संध्याकाळी घ्यायला ये," ती म्हणाली. "गाडी नको आणूस. चालत जाऊ घरी."

"अगं, लांब पडेल."

"पडू दे."