पारापुढची वाट

आकांक्षाने आईचा उजवा बूट उलटा करून झटकला, आत हात घालून बोटं फिरवली. खिळा नाही, खडा नाही, शिवणही कुठे टोचत नव्हती. तरी आतला पांढरा तळवा टाचेपाशी रक्ताने माखला होता.

साधना ओट्यावर पाय पसरून बसली होती. टाचेत जखम होती आणि दुखत काहीच नव्हतं, भीती वाटावी ती त्याचीच. साखरेच्या आजाराने तिच्या तळपायांना कशाचं काही कळेनासं झालं होतं. रोज भरभर चाला आणि अनवाणी घरातसुद्धा फिरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साधनाच्या आईचा पाय अशाच एका जखमेपायी कापावा लागला होता, त्यामुळे डॉक्टरांना फार समजावत बसावं लागलं नव्हतं.

बूट आकांक्षाने घेऊन दिले होते. जालन्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागल्यावर पहिल्याच पगारात. बाजारात मिळतात ते कापडी बूट काय वाईट, असं साधनाचं म्हणणं. पण चालायचंच आहे तर पायाखाली चांगलं पाहिजे, यावर लेक अडून बसली आणि जालन्यातल्या भल्यामोठ्या दुकानात आईच्या दोन्ही पायांची मापं घेऊनच तिने जोडी निवडली. दुकानदाराने तळवा वाकवून दाखवला होता. इतका नरम, की पाऊल वाजणारसुद्धा नाही, म्हणाला. घरी साधनाच्या सासूबाईंनी, चतुराबाईंनी, बुटांना हळदकुंकू वाहिलं आणि मगच ते पायात गेले.

तेव्हापासून साधना रोज सकाळी फाट्याच्या दिशेने चालत होती. आधी पाण्याच्या टाकीपर्यंत, मग पेट्रोल पंपापर्यंत. दिवाळीच्या आत न थांबता फाटा गाठायचा, असं तिने मनाशी धरलं होतं. लग्न झाल्यापासून निव्वळ स्वतःसाठी घराबाहेर पडायची तिची ही पहिलीच वेळ, आणि ती तिला भलतीच आवडू लागली होती.

"बूट चावला असंल," चतुराबाई आतून म्हणाल्या. "म्हागाचा हाय म्हणून काय झालं."

आकांक्षाने मोबाइलचा उजेड टाचेवर धरला, चिमट्याने काहीतरी ओढून काढलं आणि तळहातावर ठेवलं. हिरव्या बाटलीची काच होती.

"आई, बूट तू घालती कुठं?"

साधनाने पदराशी चाळा केला.

"वढ्याच्या पुढं," ती हळूच म्हणाली. "पारापुढून घालून कसं जावं?"

गावातून डांबरी सडकेला जायला वाट एकच, आणि ती पारापुढून. लिंबाच्या झाडाखालच्या त्या पारावर सकाळी म्हातारी मंडळी जमत, आणि त्यांच्यापुढून जाताना सुनांनी चपला काढून हातात घ्यायच्या, ही रीत. चपलेचं एक बरं असतं, काढली, चार पावलं गेलं की घातली. लेसचे बूट भर रस्त्यात फतकल मारून कोण सोडणार? म्हणून साधना बूट पिशवीत घालून घरून अनवाणीच निघायची आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसून ते पायात चढवायची. गावातल्या काचा, तारा, बाभळीचे काटे जे काय असायचे ते सगळे कठड्याच्या अलीकडे. त्यात पारावर मधोमध बसत ते तिचे सासरे, रामराव.

"मंग एक पाय पारालाच देऊन टाक," आकांक्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण फाटला होता.

तेवढ्यात दारात कप ठेवल्याचा आवाज झाला. रामराव चहा घेत तिथेच उभे होते. त्यांनी काठी उचलली आणि बाहेर गेले. चतुराबाईंनी कपाळाला हात लावला.

जखम भरेपर्यंत चालणं बंद राहिलं. आकांक्षा ड्युटीवर परत गेली. रामराव रोजच्यासारखे सकाळी पारावर जात राहिले.

टाच बरी झाली त्या सकाळी साधनाने आपल्याच उंबऱ्यावर बसून लेस बांधल्या. सवयीने पिशवी हातात घेतली, परत खुंटीला अडकवली. वळणावर येईपर्यंत तिला चांगलं अवसान होतं. मग पार दिसला, पारावरचे रामराव दिसले आणि पाय जागच्या जागी थांबले. ती खाली वाकली. हात आपसूक लेसकडे गेला.

पारावर रामराव उठले. काठी टेकत लिंबाला वळसा घालून पलीकडे गेले आणि रस्त्याकडे पाठ करून बसले. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी खाकरलं, कुणी धोतर सावरलं, आणि एकेक जण उठून रामरावांच्या बाजूला जाऊन बसला. बघता बघता सगळा पार पाठमोरा झाला.

हा राग म्हणावा की काय, साधनाला कळेना. पदर पुढे ओढून ती निघाली. पारासमोर आली तेव्हा मान न वळवता रामराव बोलले.

"पायात हाय ना?"

नरम तळव्यांचा आवाज नव्हता, आणि अनवाणी पावलांचाही नसतो. म्हाताऱ्याला कळावं कसं? चार माणसांत सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. साधनाने उजवा पाय उचलला आणि सिमेंटच्या रस्त्यावर जोरात आपटला.

पलीकडे रामरावांची पांढरी टोपी एकदा हलली.