आप्पांचा हात

खोडदच्या तुळशीदासांना बायकोने, बनाबाईंनी, रचलेली भीमगीतं टाइप करून ठेवायची होती; पण मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसेचना. शेवटी कपिलने, त्यांच्या मुलाने, पुण्यात बसून त्यांचा स्क्रीन स्वतःच्या लॅपटॉपवर उघडला.

"आप्पा, काय काय दाबलंत? कळत नाही तर हात कशाला लावता?" तो फोनवर ओरडला.

"चुकलं आसंल रे माझं."

शोधता शोधता कपिलला दिसलं, एकाच नावाच्या दोन फाइली एकमेकींना अडवत होत्या. त्यातली जुनी फाइल एका फुकटच्या गेमबरोबर आली होती. तो गेम दिवाळीच्या सुट्टीत त्यानेच टाकला होता. त्याने तो गुपचूप काढला. सॉफ्टवेअर लगेच बसलं.

"काय बिघडवलं व्हतं मी?" आप्पांनी विचारलं.

कपिल घुटमळला. "काही विशेष नाही. होतं असं."

पुढच्या रविवारी त्याने फोन केला. "किती गाणी झाली, आप्पा?"

"एक बी न्हाई. तुझी आई म्हनते, गानी समदी मी सांगते, पर टाइप करायला तू आलास की बसू. मी आता कॉम्प्युटरला हात लावत न्हाई; माझा हात लागला की बिघडतंय बाबा."