पांढरा कोट

बॅटिंग करणाऱ्या संघानेच अंपायर द्यायचा, हा स्पर्धेचा नियम. म्हणून सेमीफायनलला पांढरा कोट विश्रामच्या अंगावर चढला. बारावा खेळाडू म्हणून तीन वर्षं तो संघाला नुसतं पाणीच पाजत आला होता.

तीन बॉलमध्ये चार धावा हव्या होत्या. कॅप्टन जीव तोडून धावला. पण त्याची बॅट क्रीजपासून वीतभर लांब असतानाच स्टंप उडाले. समोरच्यांनी अपीलही घशातल्या घशात केलं. अंपायर ह्यांचाच, तो कसला आऊट देतोय!

विश्रामने बोट वर केलं.

"आपलाच माणूस ना रे तू?" कॅप्टन अंगावर धावून आला. "फायनलला खेळवणार होतो तुला! काढ तो कोट!"

विश्रामने कोटाचं उघडं राहिलेलं बटण सावकाश लावलं.

"दोन बॉल उरलेत, दादा. पुढच्याला पाठव."