यंत्राचा दात कोणता?

“आ कर,” आप्पाण्णा बायकोला म्हणाले आणि चंदनाबाईंनी निमूटपणे तोंड उघडलं.

ऊन थेट दातांवर पडावं म्हणून खुर्ची आप्पाण्णांनी स्वतः फिरवून घेतली होती. डोळ्याला भिंग लावलं होतं. शेजारच्या अक्काताई निवडायची मेथी मांडीवर घेऊन पंच म्हणून बसल्या होत्या. आणि आप्पाण्णांची दातांची डॉक्टर लेक दिव्या दारात उभी राहून नखं खात होती. बेळगावात पेशंटना नखं खाऊ नका म्हणून दटावणारी तीच.

पैज दिवाळीत लागली होती, अक्काताईंच्याच साक्षीनं. यंत्रानं केलेला एक दात दिव्यानं आणून दाखवायचा आणि खऱ्या दातांतून तो आप्पांनी ओळखायचा. ओळखला, तर तिनं पुन्हा बेळगावचं नाव काढायचं नाही. चुकले, तर आप्पांनी निपाणीतलं काम बंद करून तिच्या दवाखान्यात येऊन बसायचं.

आज सकाळी बसमधून उतरून ती घरात आली ती हेच सांगत. तो दात आईच्या तोंडात होता, वरच्या पुढच्या सहांपैकी एक.

आप्पाण्णा तीस वर्षं दातांच्या कॅप करत होते. डॉक्टरांनी माप पाठवायचं, आप्पाण्णांनी ब्रशनं पावडरीचा एकेक थर चढवायचा, भट्टीत भाजायचं, पुन्हा थर चढवायचा. तोवर पेशंट पंधरा दिवस तात्पुरती कॅप सांभाळत मऊ भात खाणार. दिव्याच्या यंत्रानं हे सगळं दोन-तीन तासांवर आणलं होतं. कॅमेऱ्यानं माप घ्यायचं, यंत्र दात कोरून देणार, आणि पेशंट त्याच दिवशी हसत घरी.

“घाईचा दात त्यो,” आप्पाण्णा म्हणायचे. “त्यात जीव नसतोय. रस्त्याच्या पल्याडनं वळखीन मी.” हे त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं.

खरं सांगायचं तर दिव्याला यंत्राला जिंकवायचं नव्हतं. तिला आप्पा हवे होते. यंत्र कोरायचं झकास, पण रंगाची शेवटची छटा देताना तिचा हात अडायचा, आणि दर वेळी आप्पा आठवायचे. इकडे निपाणीचे डॉक्टरही एकेक करून यंत्राकडे वळत होते. काम नसलं तरी आप्पा टेबलाशी बसून धुतलेलेच ब्रश पुन्हा धुतात, असं आई फोनवर सांगायची. पण ‘या’ म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं. “लेकीच्या दारात नोकरीला येऊ व्हय?”

मग गेल्या शनिवारी देवच पावला. आई चार दिवस बेळगावला आली होती. चिंच खाताना चिंचोका कचकन दाताखाली आला आणि अर्धा दात हातात. जुन्या पद्धतीनं केला असता, तर ती तात्पुरती कॅप आप्पांपासून पंधरा दिवस कुठं लपवणार? दिव्यानं संध्याकाळच्या आत नवा दात बसवला, आईला शपथ घातली आणि रविवारी तिला निपाणीच्या बसमध्ये बसवून दिलं.

“आठवडाभर समोरासमोर जेवलो,” आईनं मघाशीच स्वयंपाकघरात कानात सांगितलं होतं. “त्यांना काय बी पत्ता न्हाय.”

आता मात्र आप्पाण्णा घाई करत नव्हते. एकेका दातावर नखानं टिचकी मारत, मान तिरकी करत पुढं सरकत होते. डावीकडच्या त्या नव्या दातावर त्यांचं बोट थांबलं. दिव्या नखं खायचं विसरली.

“हं,” ते म्हणाले, आणि बोट पुढं गेलं.

दोनदा भिंग पुसलं. एकदा अक्काताईंना उजेडातून सरकायला लावलं. शेवटी त्यांनी उजव्या सुळ्यावर बोट ठेवलं.

“ह्यो. वळखला का न्हाय? बघ की, कसा मेल्यागत दिसतोय!”

चंदनाबाईंनी त्यांचा हात बाजूला सारला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “अहो, त्यो माझा सोताचा हाय! लहानपणापास्नं!”

अक्काताईंची मेथी सगळी जमिनीवर. “आप्पाण्णा, एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोचा दात वळखंना व्हय तुमाला? जावा बेळगावला, लेकीकडनं बायकोची वळख करून घ्या!”

“ऊन डोळ्यावर आलतं,” आप्पाण्णा गुरगुरले. पडलो तरी नाक वर. मग भिंग खिशात टाकत म्हणाले, “पर शबुद म्हंजे शबुद. साऱ्या गल्लीला ठाव हाय. यायला लागतंय आता.”

दिव्या लहान मुलीसारखी त्यांच्या गळ्यात पडली. इतका आनंद तिला डॉक्टर झाली त्या दिवशीही झाला नव्हता. “आप्पा, सामान आत्ताच बांधायला घेते. तुमचा विचार बदलायच्या आत.”

“ऱ्हाऊ दे गं. मी बघतो सावकाश,” आप्पाण्णा घाईघाईनं उठले.

पण ती मागच्या खोलीत पोचलीसुद्धा होती.

टेबल रिकामं होतं. भट्टी गोणपाटात गुंडाळलेली. ब्रश डब्यात, पावडरीच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात. सगळं सुतळीनं घट्ट बांधलेलं. वरच्या खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवली होती, डॉक्टरांना काम पाठवताना सोबत लावतात तसली. अक्षर आप्पांचं. तारीख गेल्या रविवारची.

‘पेशंट: चंदना. दात: वरचा डावा, मधल्याशेजारचा. यंत्राचा. काम चोख, रंग जरा पांढरट. बेळगावला गेल्यावर दिव्याला शिकवणे.’